पाणी सांडायची जागा

मासाळवस्ती, ता. जत
१२ डिसेंबर १९७६

श्री. धुळा बिरा मासाळ यास,

तुझं खोकं पोचलं. फाट्यावर कंडक्टरनं एस.टी.च्या टपावरून उतरवून दिलं आणि म्हणाला, "मामा, काय तोफ मागवली का काय?" बैलगाडीत घालून वस्तीवर आणलं. वस्तू पोचल्याचं कळवावं ही रीत आहे, म्हणून हे पत्र. त्याचा दुसरा काही अर्थ काढू नकोस.

मागच्या दुष्काळात तू पलटणीतून रजेवर आलास आणि विहीर सुरुंग लावून खोल करायची म्हणालास. मी म्हणत होतो की वडिलांनी खडकाशी हात आखडला तो उगाच नसेल. तुझं रक्त गरम, त्यात मिलिटरीतला सुरुंगाचा अनुभव. खडक फुटला, पाणी उसळलं, सगळी वस्ती विहिरीच्या काठावर नाचली. संध्याकाळी तोंडात घेतलं तर खारं. मी तुला चारचौघांत नको ते बोललो, आणि तू रजा संपली म्हणून निघून गेलास. ते पाणी आम्ही अजून पितो आहोत. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पितळेच्या भांड्यावर पांढरा थर बसतो. पुढं तू पलटण सोडलीस, गुजरातेत समुद्राकाठी कुठल्याशा संस्थेत फिटर झालास, आणि आता कराडच्या बाजूला मलकापुरात वर्कशॉपमध्ये आहेस, हे सगळं मला बाजारात दुसऱ्यांच्या तोंडून कळलं.

आणि आता हे खोकं. जाड लोखंडी नळा, त्याच्या दोन्ही तोंडांना बोल्टच्या चकत्या. आत बसणारी भोकाभोकांची पितळी नळी. बॉयलर तपासायचा हातपंप, त्याला लांब दांडा आणि घड्याळासारखा काटा. आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत, पाण्यात बुडवलेला, साईसारखा पांढरा पातळ कागद. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहितोस, "यानं खाऱ्याचं गोडं पाणी होतं. वहिनीसाठी जोडून घे."

वहिनीला मुतखडा झाला आहे, जतच्या डॉक्टरनं तिला गोडं पाणी प्यायला सांगितलं आहे, हे तुला कुणी कळवलं? मी नाही. मी तिलाच, भामाला विचारलं. ती चुलीत फुंकर मारत म्हणाली, "मला काय ठावं? वाऱ्यानं सांगितलं आसंल."

दुसरं म्हणजे, विहीर अजून आपल्या दोघांच्या नावावर आहे. शेजारचा गुंडा खोकं बघायला आला होता, तो म्हणाला, "सिद्धूदादा, आज नळी आली. उद्या मोटार यील, परवा तलाठी यील. ध्येनात ठिवा." गुंडाचं सगळंच मी ऐकतो असं नाही. पण हे मनातून जात नाही.

खोकं गोठ्यात ठेवलं आहे. तुझा हेतू काय तो उलट टपाली कळव.

सिद्धू


९ जानेवारी १९७७

श्री. धुळा यास,

तुझं पत्र मिळालं. हेतूबद्दल एक अक्षर नाही. यंत्र कसं जोडायचं तेवढं तीन पानं लिहिलंस. शाळेत असताना तू मला असंच उत्तर द्यायचास, विचारलं एक तर सांगायचं दुसरं.

तुला एक गोष्ट कळवायची आहे. तो पांढरा कागद आता कामाचा राहिलेला नाही. तू पाण्यात बुडवून पाठवलास, मला वाटलं प्रवासात पिशवीत पाणी शिरलं. भिजलेली वस्तू कुजते, म्हणून मी तो दोरीवर वाळत घातला. दुपारी बघतो तर पापडासारखा कडक, आणि हात लावला तर मधोमध चिरला. मागून तुझं पत्र आलं, "पडदा क्षणभरही वाळू देऊ नको." आधी लिहायला काय झालं होतं? का मुद्दाम नाही लिहिलंस, म्हणजे मी अडाणी ठरावं?

भामा हसून हसून भिंतीला टेकली. "दोरीवर वाळत घातलं? आवं, धुळाभावजींचं यंत्र हाय का आंगरखा?"

तू दुसरा पडदा पाठवतो म्हणालास. तो कुठून आणतोस? संस्थेत टाकून देतात ते तुकडे आहेत असं तू लिहितोस. टाकून दिलेली वस्तू तुला कुणी उचलून दिली का तूच उचललीस? आपल्या दाराशी जे पाणी येईल त्याचा नैवेद्य बिरोबाला दाखवावा लागेल. चोरीच्या कापडातून गाळलेलं पाणी मी देवाला घालणार नाही. हे मला स्पष्ट लिहून पाठव, आणि बिरोबाला स्मरून लिही.

आणखी एक. तू लिहिलंस की पडद्याच्या एका बाजूला खारं आणि एका बाजूला गोडं पाणी ठेवलं, तर गोडं पाणी आपणहून खाऱ्याकडं जातं, तो पाण्याचा स्वभावच आहे. आणि पंपानं जबर दाब दिला की ते उलटं येतं, मीठ मागं सोडून. हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. पाण्याचा स्वभाव देवानं ठरवला. तो दाबून बदलायचा, हे मला बरोबर वाटत नाही. पण भामाला परवा पुन्हा कळ आली. ती गोठ्यात जाऊन कण्हते, म्हणजे मला ऐकू येऊ नये.

पडदा पाठव.

सिद्धू


६ फेब्रुवारी १९७७

धुळा यास,

यंत्र जोडलं. चालतं.

पडद्याबद्दल तू संस्थेच्या साहेबाचं नाव लिहून, त्यानं तो परवानगीनं दिला असं बिरोबाला स्मरून कळवलंस. ते मी खरं धरलं.

आधी घडवंचीवर तीन मडकी एकावर एक लावली. वरच्यात ओढ्याची वाळू, मधल्यात बाभळीचा कोळसा, खालचं रिकामं. विहिरीचं पाणी त्यातून गाळून घेतो, म्हणजे पडद्याला गाळ लागत नाही. पितळी नळीवर आधी नायलॉनचं कापड गुंडाळायला सांगितलंस. कापड आणायला जतला जाणार होतो, तर भामानं ट्रंकेतली साडी काढून टर्रकन फाडली. भाच्याच्या लग्नात मिळालेली, एकदाच नेसलेली. मग ओल्या हातांनी पडदा गुंडाळला, कडा तुझ्या त्या चिकट रसायनानं बंद केल्या, रबरी कडी बसवली, नळी नळ्यात सरकवली, बोल्ट आवळले. पहिल्यांदा चकतीतून अशी पिचकारी उडाली की गुंडाची टोपी भिजली. तो म्हणाला, "ह्ये पानी दिनार का जीव घिनार?" पुन्हा खोललं, कडं उलटं बसलं होतं.

दांडा मारणं सोपं काम नाही. काटा तू केलेल्या तांबड्या खुणेपाशी नेऊन तिथं धरून ठेवायचा म्हणजे खांदे भरून येतात. बराच वेळ काही नाही. मी मनात म्हटलं, फसवलं. मग पितळी नळीच्या टोकाला एक थेंब आला. लटकत राहिला. पडला. मग दुसरा.

पहिली वाटी बिरोबाला वाहिली. दुसरी भामाला. तिनं तोंडात धरून ठेवलं, डोळे मिटले, मग गिळलं. म्हणाली, "म्हायेरच्या आडाचं पानी हाय." मी अजून प्यायलो नाही. चव घेतली तेवढी. मला ते पाणी मुकं वाटलं. मिठाबरोबर आणखी काय काय तू त्यातून काढून घेतलंस ते तुझं तुला ठाऊक.

सकाळभर दांडा मारला की एक कळशी भरते. आता वस्तीवरच्या बायका आपल्या घागरी घेऊन येतात, पाळीपाळीनं दांडा मारतात. बाजूच्या तोटीतून जे उरलेलं पाणी वाहतं ते मात्र कळशीच्या चौपट पाचपट असतं. त्याबद्दल तू एवढंच लिहिलंस की ते सोडून द्यायचं. पलटणीत नळ सोडून देत असतील. इथं काय करायचं ते आम्हाला शिकवावं लागत नाही. एक थेंब वाया जात नाही एवढं तुला सांगतो.

चालतं म्हणून माझा संशय फिटला असं समजू नकोस. तुला यातून काय मिळणार, हे मला अजून कळलेलं नाही.

सिद्धू


२७ मार्च १९७७

धुळा यास,

आता मी सरळ विचारतो. तू विहिरीत काय टाकलंस?

महिन्याभरापूर्वी मी तुला कळवलं होतं की धार बारीक झाली, तेव्हा काय करावं ते लिहून पाठव. लिहून पाठव म्हटलं होतं, ये म्हटलं नव्हतं. तू आलास, आणि कधी? आम्ही दोघं जतच्या बाजाराला गेलो त्या दिवशी. घर बंद, दांडा बंद, वस्ती रानात. गुंडा एकटा मेंढरांच्या वाड्याशी होता. त्यानं तुला पाहिलं. तू यंत्र खोललंस, पुडीतून पांढरी पूड बादलीत ओतलीस, ढवळलीस, आणि बादली घेऊन विहिरीच्या काठाकडं गेलास. गुंडाला म्हणालास, "सफाई करून जातू, दादाला सांग." आणि आमची वाट न बघता दुपारच्या गाडीनं गेलास.

सख्ख्या भावाच्या दारात येऊन, ज्या वहिनीच्या हातची भाकरी खाऊन तू वाढलास तिला न भेटता जातोस, तर त्यात काहीतरी लपवण्यासारखं असणारच.

धार मोठी झाली हे मी नाकारत नाही. पण त्यानंतर विहीर बिघडत चालली. आधी नुसती मचूळ होती. पाडव्याला भामा म्हणाली, भाकरीच्या पिठात मीठ घालायची गरज उरली नाही. मी हसण्यावारी नेलं. परवा मेंढरं दोणीवर नेली. पुढची मेंढी दोणीत तोंड घालून थांबली, वर बघितलं आणि मागं सरली. तिच्यामागं सगळा कळप. आपली मेंढरं, धुळा, दुष्काळातसुद्धा या पाण्यावर जगलेली. विहिरीत आता तळाला गुडघाभर पाणी उरलं आहे आणि ते जिभेला झोंबतं. यंत्रातून येणारं पाणीही पहिल्यासारखं गोडं राहिलं नाही.

वस्ती आता बोलू लागली आहे. ही विहीर गेली तर वस्ती उठेल. मेंढरं घेऊन माणसं कृष्णाकाठाला जातील आणि परत येतीलच असं नाही. गुंडा काल दहाजणांसमोर म्हणाला, "पयल्यांदा सुरुंग लावून बिघडीवली, आता पूड टाकून. हिस्सा मिळंना म्हून हिरीचाच निकाल लावला."

मी त्याला गप्प बसवलं नाही. मला बसवता आलं नाही, कारण मलाही तेच वाटत होतं.

तुझं म्हणणं काय ते कळव. लवकर कळव.

सिद्धू


८ एप्रिल १९७७

धुळा यास,

तुझं कार्ड मिळालं. "पूड लिंबाच्या सत्त्वाची होती. पडद्यावरचा क्षार त्यानं निघतो. बादली विहिरीत नाही, काठापलीकडं ओतली." बस, एवढंच. वहिनीला न भेटता का गेलास, त्याला उत्तर नाही. "दादा, तुझा विश्वास नसेल तर काय लिहू," असं तू खाली लिहितोस. विश्वास बसेल असं काही तू केलंस का?

पंच बसले होते. आप्पासो पुजारी म्हणाले की बोलण्यानं बोलणं वाढतं, देवाच्या पायाशी न्यावं. असं ठरलं की चैत्र अमावस्येला, सोमवारी, तू वस्तीवर येऊन बिरोबासमोर भंडारा उचलावास आणि शपथेवर खरं सांगावंस.

भावानं भावाला भंडारा उचलायला लावणं म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. तो एकदा हळदीचा हात झाला की खोटा निघो की खरा, दोन्ही घरांत पूर्वीसारखं जेवणखाण होत नाही. भामानं कालपासून माझ्याशी बोलणं सोडलं आहे. ताट वाढते, तोंड फिरवते. तरी मी पंचांना हो म्हणालो. मला हे ओझं मनात घेऊन देवाला हळद वाहता येईना.

न आलास तर सगळे एकच अर्थ काढतील.

सिद्धू


१ मे १९७७

चि. धुळा यास अनेक आशीर्वाद.

अमावस्येला जे झालं ते तुझ्यासमोर झालं. तरीही मला ते पहिल्यापासून लिहू दे, कारण तू गाडीत बसल्यानंतर इथं काय घडलं ते त्याशिवाय नीट सांगता येणार नाही.

तू सकाळच्या गाडीनं आलास. हातात पिशवी नव्हती, म्हणजे मुक्काम करायचा नव्हता. मी ओट्यावर होतो, तू लांबूनच नमस्कार केलास. आप्पासो आणि गुंडा विहिरीपाशी थांबले होते. तू म्हणालास, "देवाकडं जायच्या आदी हिरीचं तोंड बगतू." गुंडा पुटपुटला, "बग बग, तुझीच करणी." तू काठावर वाकून आत बघत राहिलास. तिकडं भामा यंत्राचा दांडा मारत होती. तिला तुझ्यासमोर यायचं नव्हतं, आणि तिथून उठायचंही नव्हतं.

तू डोकं तिरकं केलंस. काहीतरी ऐकत होतास. मलाही ऐकू येत होतं, रोज ऐकतो तेच, विहिरीत पाणी पडल्याचा आवाज. मग तू उठून यंत्राकडं गेलास, तिथून पावलं टाकत परत काठाशी आलास, आणि मी बसवलेल्या फरश्यांपैकी एक उचलून बघितलीस.

तो पाट, धुळा, मी फेब्रुवारीत केला होता. तोटीतून वाहणारं उरलेलं पाणी विहिरीत परत जावं म्हणून. उन्हानं पाणी पिऊन टाकू नये म्हणून वर फरश्या घातल्या होत्या. उतार असा साधला होता की एक थेंब कुठं थांबत नव्हता. मी तुला लिहिलं होतं ना, वाया जात नाही म्हणून. कसं ते लिहिलं नव्हतं. तुला पुढं कधीतरी दाखवायचा होता, मला मनातून त्याचा अभिमान होता. विहिरीचं पाणी विहिरीला, यात चुकण्यासारखं काय असणार?

तू ती फरशी हातात धरून माझ्याकडं बघितलंस. मला वाटलं, चोर पकडला गेल्यासारखं बघतो आहे. मग तू खाली बसलास, काठावरचा चिखल ओंजळीत घेतलास, पाटाच्या तोंडात दाबून बसवलास, हात धुतलेस आणि म्हणालास, "चला. देवाकडं चला."

गुंडा म्हणाला, "आता ह्ये काय नवीन?"

देवळात आप्पासोंनी ताट पुढं केलं. तू भंडाऱ्यानं ओंजळ भरलीस आणि म्हणालास, "ह्या हिरीत म्या मीठ टाकलं न्हाई, इख टाकलं न्हाई, वाईट मनात बी आनलं न्हाई. टाकलं आसंल तर बिरोबा मला बगून घील." तुझा आवाज स्थिर होता. मग आप्पासोंनी विचारलं, "मग कुनामुळं बिघडली, तुला काय ठावं हाय का?"

तू ओंजळीकडं बघत राहिलास. हळद बोटांतून खाली गळत होती. तू म्हणालास, "आप्पासो, माज्यापुरतं इचारा."

गुंडानं माझ्या कानाशी तोंड आणलं. "बगा. टाळलं." आणि मी, धुळा, मीही मनात तेच म्हटलं. टाळलं.

तू भंडारा देवाला वाहिलास, उरलेला कपाळाला लावलास, पाण्याचा घोटही न घेता फाट्याकडं चालू लागलास. भामा दाराशी भाकरीचं फडकं घेऊन उभी होती. तिनं हाक मारली नाही. तू वळून बघितलं नाहीस.

यानंतरचं तुला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भामानं दांडा मारला आणि तोटीचं पाणी पाटातून पुढं जाईना, अंगणात तुंबलं. "आवं, भावजींनी ह्यो चिखूल घालून ठिवलाय, काढा की!" मी काढायला गेलो. खाली वाकलो, आणि का कोण जाणे, हात चालला नाही. देवाचा भंडारा उचलायच्या आधी माणसानं हातानं केलेली शेवटची गोष्ट ती होती. म्हटलं राहू दे. म्हणालो, बादलीनं भर आणि वाड्यामागं टाक.

"टाक? पानी टाकू?" ती माझ्याकडं असं बघत राहिली, जणू मी देवाला शिवी दिली होती. मग मीच बादल्या नेल्या आणि वाड्यामागच्या खडकावर ओतल्या.

पाच-सहा दिवस असं चाललं. मग एका दुपारी मेंढरं रानातून आली ती दोणीकडं न जाता वाड्यामागं पळाली. मला वाटलं लांडगा आहे पुढं, ती बावरली आहेत. काठी घेऊन गेलो. सगळी मेंढरं त्या खडकावर माना खाली घालून उभी होती आणि चाटत होती. एकमेकींना ढुशा देऊन चाटत होती. खडक पांढरा झाला होता.

मेंढरं खडक कशासाठी चाटतात हे आपल्यासारख्यांना दुसऱ्यानं सांगायला नको. लहानपणी वडील दगडावर मीठ ठेवायचे तेव्हा तू आणि मी मेंढरांबरोबर वाकून चाटायचो.

मी बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

तिथंच बसलो. मेंढरं माझ्या अंगावरून इकडंतिकडं होत होती. सगळं एकेक करून पुढं आलं. गोडं पाणी आम्ही घागरींतून घरी नेत होतो आणि मीठ तेवढं जपून, फरश्या घालून, एक थेंब न सांडता विहिरीत परत सोडत होतो. उन्हाळ्यानं पाणी खाली गेलं होतं, वरून माझा पाट दिवसभर पडत होता, आणि त्याच कोपऱ्यात बादली सोडून आम्ही पुन्हा यंत्रात घालत होतो. तू लिहिलं होतंस, सोडून द्यायचं. मला ते पलटणीचा माज वाटलं.

आणि तुझं ते "माज्यापुरतं इचारा." ओंजळीत भंडारा होता, खोटं बोलता येत नव्हतं. खरं बोललास तर देवासमोर, पंचांसमोर, थोरल्या भावाचं नाव घ्यावं लागलं असतं. म्हणून तेवढंच बोललास.

त्याच संध्याकाळी मी आप्पासोंकडं गेलो. गुंडाला आणि पंचांना बोलावून घेतलं. त्यांना खडक दाखवला, पाट दाखवला, प्रत्येकाला बोट लावून चाखायला लावलं. मग देवळात जाऊन भंडारा हातात घेतला आणि सांगितलं की विहीर माझ्या हातानं बिघडली, आणि आळ मी भावावर घेतला. गुंडा टोपी काढून डोकं खाजवत म्हणाला, "आपन सगळ्यांनीच दांडा मारला की, सिद्धूदादा. माजी बायकू तर लय जोरात मारायची." मग म्हणाला, "त्यो धुळा बोलला का न्हाई पन? आमी तोंडावर पडलो आसतो त्ये पडलोच की."

कालपासून विहीर उपसायला घेतली आहे. सगळी वस्ती लागली आहे. तळ दिसेपर्यंत काढायचं आणि लांब ओढ्यापलीकडं नेऊन टाकायचं असं ठरलं. आज सकाळी खडकाच्या फटीतून नवं पाणी पाझरताना दिसलं. मचूळच आहे, पण आपलं जुनं मचूळ. मेंढीनं तोंड लावलं आणि मागं सरली नाही.

आता मनात उरलं आहे ते लिहितो. लपवून ठेवलं तर पुन्हा सडेल. देवळात तू बोलला नाहीस, ते मला कळलं. पण विहिरीशी, देवळात जायच्या आधी, तू मला बाजूला घेऊन दोन शब्द सांगू शकला असतास. "दादा, पाट बंद कर, चूक झाली आहे." मी पंचांना थांबवलं असतं. तू चिखल दाबलास आणि देवाकडं चालू लागलास. तू मला वाचवलंस, का भंडारा उचलून माझ्यावर कायमचं ओझं ठेवून गेलास? सुरुंगाच्या वेळी मी तुला जे बोललो होतो त्याची ही परतफेड होती का? हा संशय मी मुद्दाम लिहितो आहे. तू त्याला हो म्हणालास तरी चालेल. मला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे, चिठ्ठीत नाही.

काल मी ते यंत्राचं पाणी पहिल्यांदा पोटभर प्यायलो. मुकं नाही ते. मला ऐकू येत नव्हतं.

पाटाच्या तोंडातला चिखल वाळून दगड झाला आहे. तुझी चार बोटं त्यात उमटली आहेत. फरश्या मी काढून टाकल्या, तो गोळा मात्र काढला नाही. भामानं परवा त्याला हळद लावली. मी विचारलं, हे काय? तर म्हणाली, "तुमच्या भावाचा हात हाय. आन् वाऱ्यानं न्हवतं सांगितलं. म्याच सांगितलं हुतं, त्या कंडक्टरच्या हाती निरोप धाडून. मुतखड्याचं. आता भांडा माझ्याशी." मी भांडलो नाही.

पूर्वीसारखं जेवणखाण होत नाही असं मी तुला लिहिलं होतं. आप्पासोंना मी विचारलं. ते म्हणाले, ज्यानं भंडारा उचलायला लावला त्यानं आधी दुसऱ्याच्या उंबऱ्यावर जाऊन पाणी मागावं, मग बघू. तेव्हा उपसा संपला की मी मलकापूरला येतो. पाणी देशील की नाही ते तू ठरव.

भामाचा वेगळा निरोप आहे, ती म्हणते तसाच लिही, म्हणून लिहितो: "भावजींना म्हनावं, खडक पांढरा फटक झालाय, मेंढरं तिथनं हालंनात. मला रोज बादली उचलताना रडू येतंय. आमच्या हातांना पानी सांडायची सवय न्हाई. त्ये कुठं सांडायचं, त्येची जागा दावायला तरी या."

तुझा दादा,
सिद्धू